ब्रादिनाच्या चर्चमधले चार खिळे

प्रति,
मा. मुख्य परवाना अधिकारी,
ऐतिहासिक वास्तू जतन कार्यालय,
जुनी धान्यवखार इमारत, दुसरा मजला,
कार्पेनी.

अर्जदार : इरिमिया होतेआ, वय ७३, धंदा सुतारकाम, राहणार मौजे ब्रादिना, घर क्र. ५८.

विषय : ब्रादिना येथील जळालेले लाकडी चर्च जुन्या पद्धतीने पुन्हा उभारण्यास परवानगी मिळणेबाबत, तसेच आगीच्या कारणाचा खुलासा करणेबाबत.

संदर्भ : १) आमचा मूळ अर्ज, दि. ४ मार्च २००२. २) आपले पत्र क्र. ४१७/ज, दि. ११ जुलै २००५.

महोदया,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, आमच्या शाळामास्तरांनी हा अर्ज लिहून देण्याची तयारी दाखवली होती. त्यांचे अक्षर सुरेख आहे आणि 'तदनुषंगाने' हा शब्द कुठे घालायचा हे त्यांना बरोबर कळते. परंतु या अर्जातील काही मजकूर माझ्याच हाताने लिहिला जाणे रास्त आहे. माझा हात कुऱ्हाडीला सरावलेला आहे, सबब अक्षराबद्दल क्षमा असावी. महत्त्वाची बाब कलम ७ मध्ये आहे. तरी ते कलम आधी उघडून वाचू नये, अशी विनंती आहे. मलाही तिथपर्यंत पोहोचायला वेळ लागला आहे.

२. आमचे चर्च सन १७२४ चे होते. भिंती ओकच्या, छप्पर व शिखर फर झाडाच्या लाकडाचे, वर लाकडी कौले. शनिवार, दि. ७ ऑगस्ट १९९३ रोजी दुपारी तीनच्या सुमारास शिखरावर वीज पडली आणि साडेचारपर्यंत पायाचे दगड तेवढे उरले. मूर्तिचित्रे बायकांनी बाहेर काढली. तेव्हापासून आमची प्रार्थना दूध संकलन केंद्राच्या खोलीत होते. ही सोय तात्पुरती होती. तिला आता बारा वर्षे होत आली. फादर कॅनच्या रांगेपुढे उभे राहतात, आणि ते "शांती असो" म्हणाले की नेमके दूध थंड करण्याचे यंत्र घरघरू लागते. या खोलीत आजवर नऊ लग्ने लागली. त्यांतल्या एका सुनेला लग्नातले काय आठवते असे विचारले, तर ती म्हणाली, "ताकाचा वास."

सन २००१ च्या गावसभेत काही मंडळींनी सुचवले की सरळ सिमेंटचे बांधावे, शेजारच्या गावाने बांधले तसे, एका उन्हाळ्यात उरकेल. त्यावर श्रीमती तोदोसिया बोरोदी, वय तेव्हा ८७, काठी टेकत उठल्या व म्हणाल्या, "माझं लग्न लाकडात लागलं. माझ्या चार लेकरांना नावं लाकडात मिळाली. माझा नवरा लाकडातून गेला. मी सिमेंटातून जायची नाही. तुम्ही लाकडाचं बांधा, तोवर मी थांबते." ठराव एकमताने मंजूर झाला. तोदोसियाआजी आता ९१ वर्षांच्या आहेत. त्या शब्दाच्या पक्क्या आहेत, परंतु त्यांनी आणखी किती थांबावे याचाही आपल्या कार्यालयाने विचार करावा.

३. मूळ अर्जाच्या नमुन्यात रकाना क्र. १९ असा होता : 'वापरावयाच्या खिळ्यांचा प्रकार व संख्या'. आम्ही तिथे 'नाही' लिहिले. अर्ज 'माहिती अपूर्ण' शेऱ्यासह परत आला. आम्ही 'शून्य' लिहिले. 'संख्या अंकी लिहावी' अशा शेऱ्याने परत आला. आम्ही अंकी ० लिहिला. यावेळी 'प्रकार नमूद नाही' असा शेरा होता. गावातले दुसरे सुतार श्री. निकोआरा बुद, जे माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान व पुष्कळ तापट आहेत, म्हणाले, "लिही, नसलेल्या प्रकारचे शून्य खिळे!" मी तसे लिहिले. तो अर्ज स्वीकारला गेला. यात दोन वर्षे गेली. याविषयी माझी तक्रार नाही, कारण तेवढ्या काळात आम्हाला योग्य झाडे शोधता आली.

४. त्यानंतर आपण 'मूळ मापांचा अधिकृत आधार' मागितला. चर्चचे नकाशे कोणी काढले नव्हते. बांधणाऱ्यांना लिहिता येत नव्हते आणि आम्हाला मोजावेसे वाटले नव्हते, कारण ते समोर होते. तेव्हा आम्ही गावात घरोघर विचारत फिरलो.

लांबी व रुंदी पायाच्या दगडांवरून मिळाली. आतली लांबी माझ्या पत्नीने, श्रीमती पालागाने, सिद्ध केली. तिच्या आईने वेदीपासून दारापर्यंत अंथरायचा पट्टा विणला होता, तो आगीच्या दिवशी धुवायला नदीवर नेलेला असल्याने वाचला. दाराची उंची ठरवायला सोळा पुरुष उभे केले व ज्यांना वाकावे लागत असे आणि ज्यांना नसे, त्यांच्या मधोमध खूण केली. दाराची रुंदी 'शवपेटी आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस, पैकी एक जाडा' अशी सर्वांच्या स्मरणात होती.

शिखराच्या उंचीवरून मात्र माझे व निकोआराचे पाच महिने बोलणे बंद होते. तो म्हणे बावीस मीटर, मी म्हणे चोवीस. शेवटी तोदोसियाआजींनी आम्हा दोघांना त्यांच्या गवताच्या रानात नेले, एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "इथं बसून मी दूध काढायची. क्रॉस त्या टेकाडाच्या माथ्यावर बोटभर दिसायचा. आता काय ते तुम्ही मोजा, शहाण्यांनो." शाळामास्तरांनी हिशेब केला. तेवीस मीटर आले. दोघेही चुकलो असल्याने समेट सोपा गेला.

५. गेल्या मे महिन्यात आपले अभियंता श्री. सिल्वियु मोकानु स्थळपाहणीसाठी आले. ते येताना पातळ तळव्याचे बूट घालून आले होते व दुपारपर्यंत माझ्या जावयाचे बूट घालून फिरत होते. ओंडके आम्ही दीड वर्षापूर्वी हिवाळ्यात तोडून, कुऱ्हाडीने चौरस करून, चार थर जमिनीवर जुळवून ठेवले होते. साहेबांनी कोपऱ्यापाशी खाली बसून सांधा पाहिला. मग सुरीचे पाते घालून पाहिले. ते शिरले नाही. त्यांनी विचारले, "मग हे सगळं उभं कशावर आहे?"

मी म्हणालो, "एकमेकांवर."

"आणि सरकलं तर?"

निकोआरा म्हणाला, "साहेब, तुम्ही सरकवून बघा. आम्ही जेवून येतो."

आम्ही मक्याच्या पिठाची मामालिगा आणि चीज खाऊन परत आलो, तेव्हा साहेब कोट काढून, खांदा लावून खरोखरच ढकलत होते. ते एका दिवसासाठी आले होते, ते तीन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः एक ओंडका चौरस केला. तो थोडा पिळलेला आहे, पण आम्ही तो फरशीखाली वापरू. जाताना त्यांनी अहवाल अनुकूल लिहिला. त्याबद्दल आपल्या कार्यालयाचे मनापासून आभार.

६. असे असता, दि. ११ जुलैचे आपले पत्र आले. त्यात म्हटले आहे की, सन १९९३ च्या आगीचे कारण अद्याप वादग्रस्त आहे. आपल्या कार्यालयाने सन १९८८ मध्ये शिखरावर तडितरक्षक सळई बसवली होती व ती सुस्थितीत होती, असे आपले म्हणणे. ती सदोष होती म्हणून चर्च जळाले, असे ग्रामस्थांनी सन १९९३ च्या तक्रारीत लेखी दिले आहे. ही तक्रार निकाली निघेपर्यंत त्याच जागी नवे बांधकाम करता येणार नाही. आपले म्हणणे कायद्याला धरून आहे.

रविवारी, दि. २४ जुलैला प्रार्थनेनंतर दूध केंद्रातच सभा भरली. निकोआराने उत्तराचा मसुदा आणला होता. तो अतिशय कडक होता. त्यात 'निष्काळजीपणा', 'निकृष्ट सळई' आणि 'बेजबाबदार तंत्रज्ञ' असे शब्द होते, व सळई बसवणाऱ्या त्या तंत्रज्ञाचे नावही होते, श्री. लिओन्तिन साबाउ. निकोआराने तो मोठ्याने वाचला, पेन माझ्यापुढे धरले आणि म्हणाला, "त्र्याण्णवच्या तक्रारीवर पहिली सही तुझी आहे. यावरही पहिली तुझीच होऊ दे. कर."

मी पेन हातात घेतले. मला सही करता आली नाही.

७. महोदया, सळई सदोष नव्हती. ती त्या दिवशी शिखरावर नव्हतीच. ती मी काढली होती.

झाले ते असे. गुरुवार, दि. ५ ऑगस्ट रोजी मी शिखरावरची कुजलेली कौले बदलायला चढलो. सळईचे पट्टे आड येत होते म्हणून मी ती सोडवून खाली आणली. काम संध्याकाळी संपले. शुक्रवारी सण होता, हत्याराला हात लावायचा नाही. शनिवारी आभाळ भरून येत होते आणि गवत कापून पडले होते, म्हणून सारे गाव रानात गेले व मीही गेलो. सोमवारी लावू असे म्हटले होते.

इथवर लिहिले तर ही केवळ चुकामूक वाटेल. खरे तेवढेच नाही. मला ती सळई कधीच आवडली नव्हती. अडीचशेहून अधिक वर्षे त्या चर्चमध्ये लोखंडाचा एक खिळा नव्हता, आणि आपल्या कार्यालयाने सळईचे पट्टे बसवताना चार ठोकले. माझ्या वाडवडिलांच्या कामात ते चार खिळे मला दाताखाली आलेल्या खड्यासारखे लागत. शुक्रवारी सणाचे कपडे घालून मी नदीपलीकडे गेलो आणि बिनसळईचे शिखर कितीतरी वेळ पाहत उभा राहिलो. मला फार आनंद झाला. सोमवारी मी ती लावली असती की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

शनिवारी रानातून धावत आलो तेव्हा शिखर पेटलेले होते. दोन दिवसांपूर्वी मी बसवलेली नवी कौले आधी पेटली. मी बादल्या वाहिल्या. सगळ्यांनीच वाहिल्या.

पुढे आपले लोक पंचनाम्याला आले व त्यांनी 'सळई वितळली असावी' असे लिहून घेतले. मी शेजारी उभा होतो. मी गप्प राहिलो. मग गावाने तक्रार लिहिली. मी गावातला थोरला सुतार, म्हणून कागद प्रथम माझ्याकडे आला. मी सही केली. त्या तक्रारीमुळे साबाउसाहेबांची बदली कुठे दूर झाल्याचे नंतर कानावर आले. तेव्हाही मी गप्प राहिलो.

८. हे सारे मी त्या रविवारी सभेत उभा राहून सांगितले. एका कॅनला धरून उभा होतो. सांगून झाले. मला वाटले, आता मला बाहेर काढतील. मी टोपी उचलली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने माझी पत्नी म्हणाली, "अहो, बसा खाली. सगळ्यांना माहीत आहे."

मी विचारले, "काय माहीत आहे?"

"सळईचं. परसात वालाचा वेल कशावर चढलाय? अकरा वर्षं तो वेल त्या सळईवर आहे. तुम्हीच रोवलीत ना ती? येणाऱ्या-जाणाऱ्याला काय डोळे नाहीत?"

दूध केंद्रात जो हशा पिकला, तो तिथे कोणत्याही लग्नात पिकला नव्हता. फादरही हसले व मग त्यांनी छातीवर क्रॉसची खूण केली. मी सळई शेडमध्ये लपवली होती, पण दुसऱ्या वर्षी वेलाला काठी कमी पडली तेव्हा हाताला जे लागले ते मी रोवले. लपवलेली वस्तू आपणच उघड्यावर मांडली, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

मी निकोआराला म्हणालो, "तुलाही माहीत होतं? मग हा मसुदा कशाला लिहिलास?"

तो म्हणाला, "तुझ्यापुढे धरायला. दुसरा काय उपाय होता? बारा वर्षं तुझ्यासमोर विजेचा विषय काढला की तू हवामानावर बोलतोस." आणि त्याने तो मसुदा फाडला. त्याने नक्कल ठेवली नसावी, अशी आशा आहे.

तोदोसियाआजी म्हणाल्या, "आम्ही तुझ्या तोंडून ऐकायला थांबलो होतो, पोरा. आम्ही सांगितलं असतं तर ती चुगली झाली असती." मग त्यांनी मला जवळ बोलावले. मला वाटले आशीर्वाद देतील. त्यांनी माझ्या कानशिलात एक मारली. त्या वयाच्या मानाने ती जोरात होती. त्यानंतर त्यांनी आशीर्वादही दिला.

परंतु महोदया, गावाने हसून सोडले म्हणून गोष्ट संपत नाही. गावालाही सारे माहीत असून त्याने दुसऱ्या माणसावर दोष राहू दिला. हे मी सभेत बोललो, तेव्हा हसणे थांबले. फादरांनी मान खाली घातली. ठरले की, मी साबाउसाहेबांकडे जाऊन यावे.

९. बुधवारी, दि. २७ रोजी बसने दोन गाड्या बदलून मी श्री. साबाउ यांच्या घरी गेलो. ते निवृत्त आहेत व ससे पाळतात. मी दारातच सगळे सांगितले. त्यांनी मला बसा म्हटले नाही. ते सशांना गवत घालत राहिले. एक पिंजरा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मग पाठमोरेच म्हणाले, "बारा वर्षं मी मनात ते शिखर चढतोय. पहिला पट्टा, दुसरा पट्टा, तारेचा जोड, जमिनीतली पट्टी. कुठला जोड माझ्या हातून ढिला राहिला ते शोधतोय. माझी बायको गेली तेव्हासुद्धा मध्येच तेच डोक्यात येत होतं."

मी म्हणालो, "तुमचा एकही जोड ढिला नव्हता. मला तो सोडवायला अर्धा दिवस लागला."

ते वळले. म्हणाले, "अर्धा दिवस?"

मी म्हणालो, "एक खिळा तर निघेचना. कापावा लागला."

यावर त्यांनी मला खुर्ची दिली. पुढचा तासभर त्यांनी मला तो पट्टा कसा बसवला होता ते कागदावर काढून दाखवले. काम चोख होते, हे मी एक कारागीर म्हणून लिहून देतो. निघताना मी हात पुढे केला. त्यांनी तो लगेच घेतला नाही. "आज नाही," म्हणाले. "आधी तुमचं ते कागदावर येऊ दे." हा कागद त्यासाठीही आहे.

१०. तरी वरील सर्व बाबींचा विचार होऊन पुढीलप्रमाणे आदेश व्हावेत, अशी नम्र विनंती आहे.

(अ) आगीचे कारण 'अर्जदार इरिमिया होतेआ याने सळई काढली व परत लावली नाही' असे नोंदवून सन १९९३ ची तक्रार निकाली काढावी. ग्रामस्थांनी ती मागे घेतली आहे. सोबतच्या कागदावर एकशे बारा सह्या आहेत.

(आ) श्री. लिओन्तिन साबाउ यांच्या सेवापुस्तकात त्या तक्रारीमुळे काही लिहिले गेले असेल, तर ते खोडून त्याखाली खोडण्याचे कारणही लिहावे, व त्यांना तसे पत्र घरी पाठवावे. साधे पत्र नको, शिक्क्याचे पाठवावे.

(इ) नव्या शिखरावर सळई बसवावी. माझी हरकत नाही. खिळे किती लागतात ते आपले कार्यालय ठरवील.

(ई) उभारणीची परवानगी ऑगस्टअखेर द्यावी. जुळवलेल्या ओंडक्यांवर आणखी एक हिवाळा उघड्यावर गेला तर ते पिळतील व सांधे बसणार नाहीत. असे सांधे करणारे या खोऱ्यात आम्ही चार जण उरलो आहोत आणि चौघांचे मिळून वय दोनशे एकोणऐंशी होते.

(उ) शेवटचे. ज्याच्या चुकीने ऐतिहासिक वास्तू नष्ट झाली, त्याला तिच्या कामावर ठेवू नये असा आपला नियम असल्याचे, मी फोन करून विचारले तेव्हा, मोकानुसाहेबांनी सांगितले. सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. नियम योग्य आहे. सबब परवान्यातील 'मुख्य सुतार' या जागी माझे नाव खोडून श्री. निकोआरा बुद यांचे घालावे. त्यांना मी हे अजून सांगितलेले नाही. ते आधी नाही म्हणतील, मग ओरडतील व मग कामाला लागतील. ते उत्तम कारागीर आहेत. फक्त कोपऱ्याचा सांधा ते घाईत केसभर सैल ठेवतात. शेजारी कोणी नुसते बसून पाहत असले, तर ठेवत नाहीत.

नियमात काम करण्यास मनाई आहे. बसण्यास मनाई असल्यास तसे कृपया लेखी कळवावे. न कळवल्यास, ज्या दिवशी पहिला ओंडका पायावर चढेल, त्या दिवसापासून मी सकाळी सात वाजता तिथे येऊन बसेन. हातात हत्यार असणार नाही. बसायला स्टूल घरून आणीन.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,

(सही) इरिमिया होतेआ
मौजे ब्रादिना, दि. १ ऑगस्ट २००५

सोबत :
१) तक्रार मागे घेतल्याचे पत्र, ११२ सह्यांसह (पैकी तीन अंगठे).
२) श्री. साबाउ यांनी स्वहस्ते काढलेली पट्ट्याची आकृती.
३) मुख्य सुतार म्हणून श्री. निकोआरा बुद यांचे संमतिपत्र : मागाहून सादर करीत आहे.